इलेक्ट्रिक गिटारची तार पुन्हा पुन्हा तुटणे, सूर उतरणे आणि खरखर येणे: तारांची निवड कुठे चुकते ते कसे शोधावे

तारांचा नवा संच चढवावा, दोन दिवस गिटार सुरेख वाजावी आणि आठवड्याच्या आत जुनीच तक्रार पुन्हा उभी राहावी, हा अनुभव इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्या बहुतेकांना कधी ना कधी येतो. कोणाची पहिली, म्हणजे सर्वांत बारीक तार सतत तुटते, कोणाची तिसरी तार सुरात राहत नाही, तर कोणाला पहिल्या चार-पाच फ्रेटवर (तार दाबण्यासाठी बसवलेल्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) धातूची खरखर ऐकू येते. अशा वेळी बहुतेक जण तारांची कंपनी बदलतात, आणि नव्या तारांचा ताजा, चमकदार आवाज ऐकून काही दिवस तरी प्रश्न सुटल्यासारखे वाटते. तक्रार मात्र परत येते, कारण तिचे मूळ कंपनीत क्वचितच असते. तारेची जाडी, गिटारवर नटपासून (खुंट्यांजवळच्या खाचांच्या पट्टीपासून) ब्रिजपर्यंत (खालच्या टोकाच्या आधारापर्यंत) तारेला मिळणारी लांबी, आपण लावत असलेला सूर आणि त्या ताणासाठी केलेली गिटारची जुळणी, या चार गोष्टींचा मेळ बसला नाही तर कोणतीही तार चढवली तरी परिणाम तोच होतो. म्हणून तार निवडण्याआधी बिघाड नेमका कुठे आहे हे पाहणे भाग आहे.

तार तुटते तेव्हा

तुटलेली तार फेकून देऊ नये. दोन्ही तुकडे एकमेकांना जोडून पाहिले की तार कोणत्या ठिकाणी तुटली हे कळते, आणि त्या ठिकाणावरून कारण बहुधा सांगता येते.

तार सॅडलवर, म्हणजे ब्रिजवरच्या तिच्या छोट्या टेकूवर, ती जिथून वळते तिथेच तुटत असेल, तर त्या सॅडलला धारदार कड किंवा बारीक चीर पडलेली असण्याची शक्यता सर्वाधिक असते. माझ्या स्वतःच्या गिटारची पहिली तार एकदा लागोपाठ तीन वेळा तुटली. मी दोन वेळा संच बदलला आणि तिसऱ्या वेळी जाड तार घेतली, तरी ती तुटलीच. शेवटी तिन्ही तुकडे शेजारी ठेवले तेव्हा तिन्ही बॉलपासून (तारेच्या टोकाला अडकवलेल्या धातूच्या कडीपासून) अगदी सारख्या अंतरावर तुटलेले दिसले. सॅडलवर नख फिरवले तर नखाला अडेल एवढी खाच तिथे होती. बारीक सँडपेपरची, आधी ६०० आणि मग १००० क्रमांकाची, अरुंद पट्टी जुन्या गुंडाळलेल्या (वरून दुसऱ्या तारेचे वेढे असलेल्या जाड) तारेभोवती धरून ती खाच गुळगुळीत केल्यावर त्या जागी तार पुन्हा तुटली नाही. सॅडल घासताना खाच खोल होऊ देऊ नये. केवळ कड मोडणे एवढाच हेतू असावा.

तार नटवर तुटत असेल तर खाच अरुंद किंवा कडेला धारदार आहे. खुंटीजवळ तुटत असेल तर खुंटीच्या छिद्राची कड तपासावी आणि वेढे एकमेकांवर चढलेले नाहीत ना हेही पाहावे. तार पिकअपच्या (तारेची कंपने टिपणाऱ्या चुंबकीय भागाच्या) वर, मोकळ्या भागात तुटत असेल तर तिच्यावर गंज चढला आहे किंवा पिकचा (तार छेडण्याच्या पातीचा) आघात तिच्या जाडीच्या मानाने फार जोराचा आहे. बॉलजवळचा पीळच सुटून येत असेल, तर मात्र दोष तारेच्या घडणीत असू शकतो, आणि कंपनी बदलण्याला खरा अर्थ आहे तो या एकाच ठिकाणी.

इथे एका समजुतीविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक वाटते. “पहिली तार तुटते, म्हणून जाड तार घ्या” असा सल्ला सर्रास दिला जातो. साध्या, म्हणजे न गुंडाळलेल्या पोलादी तारेच्या बाबतीत हा सल्ला दिसतो तितका सरळ नाही. तार जाड केली की तिची ताकद वाढते हे खरे, परंतु तोच सूर मिळवण्यासाठी तिला तितकेच अधिक ताणावेही लागते, आणि या दोन्ही गोष्टी जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतात. परिणामी तारेच्या छेदाच्या दर चौरस मिलिमीटरवर येणारा भार जाडी कितीही असली तरी तेवढाच राहतो. तारेची लांबी ६४८ मिलिमीटर असलेल्या गिटारवर पहिली तार नेहमीच्या ई सुरात लावली तर हा भार दर चौरस मिलिमीटरला सुमारे १४५ किलो येतो, मग ती तार नऊची (.००९ इंच) असो की अकराची (.०११ इंच). जाड तार प्रत्यक्षात अधिक टिकते ती दुसऱ्या कारणाने. तिच्यावर पडलेला तेवढाच ओरखडा तिच्या जाडीच्या मानाने लहान ठरतो आणि पिकच्या फटक्याने ती कमी हलते. धारदार सॅडल तसेच ठेवून जाड तार चढवणे म्हणजे तुटण्याचा दिवस पुढे ढकलणे होय.

जाडी कशी ठरवावी

तारांची जाडी इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. नऊचा संच म्हणजे पहिली तार .००९ इंचाची. नऊच्या प्रचलित संचात पहिल्या तारेपासून सहाव्या तारेपर्यंतचे आकडे ९, ११, १६, २४, ३२, ४२ असे असतात, तर दहाच्या संचात १०, १३, १७, २६, ३६, ४६ असे असतात. कागदावर हा फरक केसाएवढा दिसतो, पण ६४८ मिलिमीटर लांबीच्या गिटारवर नेहमीच्या सुरात नऊच्या संचाचा एकूण ताण सुमारे ३८ किलो असतो आणि दहाच्या संचाचा ४६ ते ४७ किलो. म्हणजे एक आकडा वर गेलो की नेकवर (गिटारच्या मानेवर) जवळजवळ आठ किलोंचा जादा भार कायमचा येतो. संच बदलल्यावर गिटारची जुळणी का बिघडते याचे उत्तर या आठ किलोंमध्ये आहे.

तारेवरचा ताण सुराच्या कंपनसंख्येच्या वर्गाप्रमाणे आणि तारेच्या कंप पावणाऱ्या लांबीच्या वर्गाप्रमाणे बदलतो. साध्या तारेत तो जाडीच्या वर्गाप्रमाणेही बदलतो. एवढे एक सूत्र लक्षात ठेवले तर तारांविषयीच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरे स्वतःच काढता येतात. उदाहरणार्थ, फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारवर तारेची लांबी २५.५ इंच, म्हणजे ६४८ मिलिमीटर आहे, आणि गिब्सनच्या लेस पॉलवर सुमारे २४.७५ इंच, म्हणजे ६२८ मिलिमीटर. दहाची पहिली तार स्ट्रॅटोकास्टरवर साधारण ७.३ किलो ताणाखाली असते, तर लेस पॉलवर ६.९ किलो. लेस पॉलवरचा दहाचा संच स्ट्रॅटोकास्टरवरच्या नऊच्या संचासारखा लागतो असे अनेकदा म्हटले जाते, पण हे विधान अतिशयोक्तीचे आहे. स्ट्रॅटोकास्टरवर नऊची पहिली तार ५.९ किलोंवर असते. लांबीमुळे पडणारा फरक सुमारे सहा टक्क्यांचा, म्हणजे अर्ध्या आकड्याहूनही कमी आहे. दोन्ही प्रकारच्या गिटार वाजवणाऱ्याला हा फरक हाताला जाणवतो, परंतु केवळ त्याच्या आधारावर संच ठरवू नये.

सुराचा परिणाम याहून मोठा आहे. सगळ्या तारा अर्धा सूर (एका फ्रेटएवढा) खाली उतरवल्या की ताण सुमारे ११ टक्क्यांनी घटतो, आणि पूर्ण एक सूर उतरवल्या की सुमारे २१ टक्क्यांनी. दहाचा संच पूर्ण एक सूर खाली लावला की त्याची पहिली तार नेहमीच्या सुरातल्या नऊच्या तारेइतकीच सैल होते. हेवी मेटलसारख्या जड संगीतासाठी सूर उतरवणाऱ्यांची नेहमीची तक्रार, म्हणजे सहावी तार लोंबते, तिचा सूर आघातासरशी चढतो आणि मग खाली येतो, ही याच सैलपणातून येते. कमी ताणाखालची तार आघाताने प्रमाणाबाहेर ताणली जाते, म्हणून तिचा सूर क्षणभर वर जातो. यावर उपाय सरळ आहे. जितका ताण सूर उतरवल्याने गमावला, तितका जाडीने परत मिळवावा. पूर्ण एक सूर खाली वाजवणाऱ्याने अकराचा संच घेतला तर ताण नेहमीच्या दहाच्या संचाच्या जवळ येतो. केवळ सहावी तार डीपर्यंत उतरवायची असेल तर सगळा संच बदलण्याचे कारण नाही. १० ते ५२ असा, वर बारीक आणि खाली जाड तारांचा जो संच मिळतो, त्यातली ५२ ची तार डी सुरात असताना ४६ च्या तारेच्या ई सुराइतकाच ताण देते.

नामवंत वादकांच्या तारांची नक्कल करणाऱ्यांनीही हा हिशेब करावा. ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे व्हॉन हे .०१३ ची पहिली तार वापरत असत ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते, परंतु ते गिटार अर्धा सूर खाली लावत असत हे अनेकदा विसरले जाते. तरीही त्या तारेवर सुमारे ११ किलो ताण राहतो, म्हणजे दहाच्या नेहमीच्या तारेच्या दीडपट. उलट झेड झेड टॉप या बँडचे बिली गिबन्स यांनी .००७ पासून सुरू होणारा संच वापरला आहे. स्ट्रॅटोकास्टरच्या लांबीवर ई सुरात तेवढ्या तारेचा ताण ३.६ किलोंच्या आसपास भरेल. दोघांचाही आवाज भरदार आहे, तेव्हा जाड तार म्हणजेच भरदार आवाज हे समीकरण सोडून द्यावे. ब्लॅक सॅबाथ या बँडचे टोनी आयोमी यांनी कारखान्यातील अपघातात बोटांची टोके गमावल्यानंतर बारीक तारा स्वीकारल्या आणि पुढे दीड सूर खाली वाजवले. त्यामुळे ताण जवळपास २९ टक्क्यांनी कमी होतो. हाताला सोसेल असा ताण आधी ठरवावा आणि मग त्याला साजेशी जाडी निवडावी, असा क्रम त्यांनी ठेवला, आणि मला तोच क्रम योग्य वाटतो.

नवशिक्याने काय घ्यावे, असा प्रश्न हमखास येतो. स्ट्रॅटोकास्टरसारख्या लांब तारेच्या गिटारवर नऊचा संच आणि लेस पॉलसारख्या आखूड तारेच्या गिटारवर दहाचा संच ही सुरुवात मला योग्य वाटते. त्यात बोटे दुखत असतील तर आधी तारांची उंची तपासावी, कारण जाडीपेक्षा उंचीच बोटांना अधिक त्रास देत असल्याचे अनेकदा आढळते. नऊच्या संचातली ११ ची दुसरी तार बाकीच्यांच्या मानाने सैल असते, हेही ठाऊक असावे. दुसऱ्या तारेवरचे बेंड (दाबलेली तार बाजूला ढकलून सूर चढवणे) हाताबाहेर जात असतील तर साडेनवाचा संच पाहावा.

सूर टिकत नाही तेव्हा

नव्या तारा ताणल्याशिवाय सुरात राहत नाहीत. चढवल्यावर प्रत्येक तार बोटांनी हलकेच वर ओढून पुन्हा सुरात लावावी आणि ती उतरायची थांबेपर्यंत हे करावे. साध्या तारांना खुंटीवर दोन ते तीन स्वच्छ, एकाखाली एक वेढे पुरतात. याहून अधिक वेढे सैल राहिले की सूर सरकतो.

एवढे करूनही बेंड केल्यानंतर सूर बिघडत असेल आणि खुंटी फिरवताना टिक असा आवाज येत असेल, तर तार नटच्या खाचेत अडकते आहे. संच जाड केल्यानंतर ही तक्रार फार वेळा उद्भवते, कारण नटची खाच मूळच्या बारीक तारेसाठी कापलेली असते. बेंडनंतर सूर उतरलेला आढळला, म्हणजे बेंडने खुंटीकडून खेचून घेतलेली तार परत मागे गेली नाही. शिसपेन्सिलीचे ग्राफाइट खाचेत घासल्याने तात्पुरता आराम मिळतो. कायमचा उपाय म्हणजे योग्य जाडीच्या कानशीने खाच किंचित रुंद करणे. हे काम सराव नसेल तर कारागिराकडूनच करून घ्यावे, कारण खाच खोल गेली की नट बदलण्यावाचून मार्ग राहत नाही.

ट्रेमोलो ब्रिज (दांडीने हलवता येणारा ब्रिज) असलेल्या गिटारवर तारांचा ताण आणि मागच्या स्प्रिंगांचा ताण एकमेकांना तोलून धरत असतात. म्हणूनच अशा गिटारवर एक तार तुटली की बाकीच्या पाचही तारांचे सूर चढतात. नऊवरून दहावर गेले की तारांचा ताण वाढतो, ब्रिज पुढे झुकतो, तारा उंच होतात आणि सूर लावत बसले तरी ते पुन्हा पुन्हा उतरत राहतात. अशा वेळी खुंट्या फिरवत राहण्याऐवजी मागचे झाकण काढावे, स्प्रिंगा अडकवलेल्या पट्टीचे दोन स्क्रू थोडे थोडे घट्ट करावेत, दर वेळी सूर पुन्हा लावून घ्यावा, आणि ब्रिज पूर्वीच्या पातळीवर आला की थांबावे. स्क्रू पुरेसे पडत नसतील तर आणखी एक स्प्रिंग लावावी. या गिटारवर तारा एकेक करून बदलल्या तर तोल फारसा हलत नाही.

सगळ्या मोकळ्या तारा सुरात असूनही कॉर्ड (एकत्र वाजवलेले स्वर) बेसूर वाटत असेल तर दोन शक्यता आहेत. पहिली, बारीक तार फ्रेटवर फार जोराने दाबली जाते. ट्युनर समोर ठेवून तोच स्वर एकदा हलके आणि एकदा जोर देऊन दाबावा, म्हणजे काटा किती सरकतो ते दिसेल. हात हलका करणे जमत नसेल तर एक आकडा जाड संच घेणे हा प्रामाणिक उपाय आहे. दुसरी शक्यता ब्रिजच्या जुळणीची आहे. बाराव्या फ्रेटवर दाबलेला स्वर त्याच तारेच्या मोकळ्या स्वराच्या बरोबर दुप्पट कंपनाचा असला पाहिजे. तो चढा असेल तर सॅडल नेकपासून दूर न्यावे, उतरलेला असेल तर नेककडे आणावे. संचाची जाडी बदलली की ही तपासणी प्रत्येक वेळी करावी लागते, आणि जुन्या, गंजलेल्या तारांवर ती करण्यात अर्थ नसतो.

तिसऱ्या तारेची तक्रार सर्वांत अधिक ऐकू येते आणि तिला इतिहास आहे. पूर्वीच्या संचांत तिसरी तार गुंडाळलेली असे. बेंड सोपे व्हावे म्हणून काही वादक पहिल्या तारेच्या जागी बँजोची बारीक तार लावत असत, आणि १९६० च्या दशकात तारांचे अमेरिकन उत्पादक अर्नी बॉल यांच्या संचांनी साध्या तिसऱ्या तारेसह बारीक तारांचे संच सर्वदूर नेले. परंतु साधी, जाड तिसरी तार ताठ असते. ती दाबली की तिचा सूर गुंडाळलेल्या तारेपेक्षा अधिक चढतो, आणि गुंडाळलेल्या तिसऱ्या तारेचा विचार करून घडवलेल्या, न सरकणाऱ्या सॅडलच्या ब्रिजवर ही चूक सुधारता येत नाही. ज्याला बेंड फारसे करायचे नाहीत आणि कॉर्ड स्वच्छ हवे आहेत त्याने गुंडाळलेल्या तिसऱ्या तारेचा संच अवश्य वापरून पाहावा. तिच्यावर बेंडसाठी बोटाला अधिक अंतर सरकावे लागते, एवढी किंमत मोजावी लागते.

खरखर येते तेव्हा

बारीक संच चढवल्यावर खरखर सुरू झाली तर तार खराब आहे असे समजू नये. ताण कमी झाला, तरी नेकच्या आतला ट्रस रॉड (बाक जुळवण्याची धातूची दांडी) मात्र पूर्वीच्याच जोराने नेक मागे खेचतो आहे. त्यामुळे नेकचा आवश्यक असा किंचित पुढचा बाक नाहीसा होतो आणि पहिल्या काही फ्रेटवर तारा घासू लागतात. शिवाय सैल तार तेवढ्याच आघाताने अधिक रुंद हेलकावे घेते. जाड संचाने नेमके उलट होते. बाक वाढतो, तारा मधल्या फ्रेटवर उंच होतात आणि वाजवणे जड जाते.

बाक मोजण्यासाठी सहावी तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक जिथे शरीराला मिळते त्या फ्रेटवर दाबून धरावी आणि सातव्या-आठव्या फ्रेटच्या वर किती फट राहते ते पाहावे. ०.२ ते ०.२५ मिलिमीटर फट बहुतेक गिटारांना मानवते. फट नसेल तर ट्रस रॉड सैल करावा, अधिक असेल तर घट्ट करावा, परंतु एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये आणि प्रत्येक वेळी सूर लावून पुन्हा मोजावे. रॉड अडला तर जोर लावू नये. बाक नीट झाल्यावरच सॅडलची उंची पाहावी.

खरखर केवळ मोकळ्या तारेवर येत असेल आणि तार दाबताच थांबत असेल, तर नटची खाच तारेच्या मानाने खोल किंवा रुंद झाली आहे. ती एकाच फ्रेटवर येत असेल तर तो किंवा त्याच्या पुढचा फ्रेट उंच-सखल आहे. अॅम्प्लिफायरमधून जी खरखर ऐकू येत नाही तिच्यासाठी तारा उंच करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

धातूविषयी थोडक्यात

इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप चुंबकीय असतो, त्यामुळे ॲकुस्टिक गिटारच्या ब्राँझच्या तारा तिच्यावर लावू नयेत. ब्राँझ चुंबकाला प्रतिसाद देत नाही, म्हणून गुंडाळलेल्या तारा साध्या तारांच्या मानाने दुबळ्या ऐकू येतात. एका गिटारवर चौथी, पाचवी आणि सहावी तार एकाएकी मंद वाटू लागली असेल तर संचाचे वेष्टन आधी पाहावे. निकेलचा मुलामा दिलेले पोलाद सर्वसाधारण वापराला पुरेसे आहे, शुद्ध निकेलचा आवाज सौम्य असतो आणि स्टेनलेस पोलादाचा तेजस्वी. स्टेनलेस तारांनी साधे फ्रेट तुलनेने लवकर झिजतात. ज्यांच्या हाताला घाम अधिक येतो त्यांच्या तारा दोन आठवड्यांतच काळवंडतात. त्यांनी लेप दिलेल्या तारा घ्याव्यात आणि वाजवून झाल्यावर प्रत्येक तार कोरड्या कापडाने पुसावी.

हे सर्व तपासूनही तार त्याच जागी तुटत राहिली तर गिटार कारागिराकडे न्यावी. सोबत तुटलेले तुकडे, संचाचे वेष्टन आणि आपण कोणता सूर लावतो याची नोंद न्यावी, म्हणजे त्याला सॅडलपासून सुरुवात करायची की खुंटीपासून, हे आल्याआल्याच समजेल.